भर उन्हाळ्यात भरलेली हुडहुडी

मी एक जुना चार्जर आहे, मित्रांनो. विजेवरच्या स्कूटरचा. बरकतपुऱ्यातल्या एका घरात, कपाटावर माझा मुक्काम असतो.

देवरावांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर स्कूटर घेतली, तिच्याबरोबर मी आलो. त्यांच्या पत्नी भागूबाईंचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवेना. भागूबाईंची बहीण राहायची विद्यानगरला. रोज संध्याकाळी दोघं स्कूटरवरून तिकडे जात. परतल्यावर भागूबाईंच्या गप्पा ऐकत मी बॅटरी भरायचो. काय ते दिवस होते!

काम झालं की भागूबाई मला पुसून वायर घट्ट गुंडाळायच्या, गाठोडं बांधावं तशी. माझे असे लाड दुसऱ्या कुणी केले नाहीत.

एका मे महिन्यात मात्र मी अडलो. लाल दिवा लुकलुकायचा आणि बॅटरीत थेंबभर वीज जाईना. मेकॅनिकने हात झटकले, “बॅटरी खलास, चाचा. गाडी बेच देओ.” गिऱ्हाईकही ठरलं. त्या संध्याकाळी भागूबाई दाराशी चपला घालून उगीच बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी लेक स्वप्ना आली. ती गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला. दिव्याची लुकलुक मोजून ती हसायलाच लागली.

“बाबा, एवढ्या गरमीत हा म्हणतोय बॅटरी एकदम ठंडी आहे!”

खरंच, मला हुडहुडी भरली होती. बॅटरी किती तापली हे तिच्यातला एक सेन्सर मला माझ्याच वायरीतून सांगतो. त्यातली त्याची तार तुटली की मला वाटतं, बॅटरी बर्फात पडली आहे. मग मी वीज देत नाही. स्वप्नाने त्या वायरीला मीटर लावला. आकडा नाही. प्लगजवळचा वाक सरळ केला, आकडा आला. सोडला, गेला.

“बॅटरीला काही नाही झालं. वायर इथं आतून तुटली आहे. रोज कोण आवळून गुंडाळतं?”

भागूबाईंचा चेहरा पडला. त्या तोंड उघडणार, तोच देवराव म्हणाले, “मीच गुंडाळतो. माझंच चुकलं.”

त्यांनी जन्मात साधी सुतळी गुंडाळली नव्हती. स्वप्नालाही ते ठाऊक होतं. तिने सरळ वायर बदलली. दिवा हिरवा झाला आणि भागूबाईंनी चपला घातल्या.

आता देवराव नाहीत. स्कूटरही गेली. मला मात्र भागूबाईंनी देऊ दिलं नाही. मित्रांनो, वस्तूंवर माया करा, पण त्यांना आवळू नका. जरा सैल राहू द्या, एवढंच माझं मागणं आहे.

परवा भागूबाईंनी मला खाली काढलं, पुसलं, वायर अगदी सैल गुंडाळली. मग भिंतीवरच्या देवरावांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, “मीच गुंडाळत होते की वो. तुमाला कुठं येत होतं?”