चुन्याचा ठिपका

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याचा एक जुना नकाशा आहे. छापखान्यातून निघालो तेव्हा काय रुबाब होता माझा! वर पाइनची रानं, मध्ये उसाचे मळे आणि भाताची खाचरं, खाली समुद्रापर्यंत हिरवीगार दलदल. कडेला लोकसंख्या, पाऊस आणि कोळंबीचे तक्ते. खनिज तेल काढणाऱ्यांनी दलदलीतून खणलेले सरळसोट कालवेही निळ्या शाईत होते. मला ते दागिनेच वाटायचे!

अगदी दक्षिणेच्या टोकाला, क्लोविसच्या जाळ्यांच्या दुकानात मला टांगलं. कोळंबी धरणारे ओल्या बोटांनी माझ्यावर वाटा शोधत, भांडत, आणि शेवटी माझंच ऐकत. मी फुगून जायचो.

पुढे त्याच कालव्यांतून खारं पाणी आत शिरलं. गवत मेलं, माती सुटली, वाहून गेली. नवे नकाशे आले, त्यांत आमच्या गावाचं नावच नव्हतं; काठावरचं दुकान तेवढं टिकलं. मला गुंडाळून खोक्यांमागे टाकलं. फार लागलं मनाला.

तिकडे सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाआधी घरच्यांच्या कबरींना चुना फासतात. क्लोविसचा थोरला भाऊ ल्यूसियन आमच्या गावाच्याच कबरस्तानात पुरलेला होता. त्याची बायको ऑरेली एका मोठ्या वादळानंतर वर शहरात राहायला गेली आणि गुडघ्यांमुळे बरीच वर्षं येऊ शकली नाही. त्या वर्षी मात्र ती चुन्याची बादली घेऊनच आली.

"तो जुना नकाशा काढ," ती म्हणाली. "नव्यात कबरस्तानच नाही. मेले आंधळे!"

"वहिनी, या वर्षी राहू द्या. वारा आहे."

"वाऱ्याला काय घाबरतोस? हा बघ कबरस्तानाचा क्रूस. भोवती सगळं हिरवं आहे. चल, होडी काढ!"

क्लोविसने बोटीचा दोर सोडला. मला काखेत मारून ती बोटीत चढली.

बऱ्याच वेळाने त्याने इंजिन बंद केलं. ऑरेलीने मला मांडीवर पसरलं, क्रूसावर बोट ठेवलं आणि मान वर केली. चहूकडे पाणीच पाणी. एका खांबावर पाणकोळी बसला होता.

"वाट चुकलास तू."

"नाही वहिनी. जागा हीच."

"मग आधी का नाही बोललास रे, मेल्या?"

"तुम्ही चुना भिजवून आणला होतात," क्लोविस खाली बघत म्हणाला.

ती रडली नाही. मग तिने कुंचला बादलीत बुडवला, निथळू दिला आणि माझ्यावरच्या त्या इवल्याशा क्रूसावर हलकेच टेकवला. "थंड लागेल हं," ती पुटपुटली. हे ती मला म्हणाली नव्हती.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. दर सणाला ती येते आणि तो ठिपका नव्याने पांढरा करते. मित्रांनो, माझा हिरवा रंग अजून पक्का आहे, पण त्यावर कुणाला उभं राहता येत नाही. तुमच्या पायाखाली माती आहे तोवर तिला जपा.