खालचा

जिन्यावरून फ्रीज चढवायला दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. वरचा वाकून, मागे मागे सरकत पायऱ्या चढतो आणि "हं, अजून एक, हं" करत राहतो, जसं काही सगळं तोच उचलतोय. वजन येतं खालच्यावर. त्याला जिना दिसत नाही, वरचा दिसत नाही, नाकासमोर फक्त पत्रा दिसतो. वरच्याचा हात निसटला तर वरचा "अरे अरे" म्हणतो. खालच्याला तेवढीही सवड मिळत नाही.

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उभा जन्म खालचे होते. मला कंपनीत त्यांनीच चिकटवलं आणि आपल्याच गाडीवर घेतलं. आम्ही दोघेही ड्रायव्हर. गाडी आळीपाळीने चालवायची, माल दोघांनी मिळून घरोघरी पोचवायचा. कपाटं, वॉशिंग मशीन, लोकांनी हौसेने घेतलेले आणि दारातून आत न जाणारे सोफे. खालची बाजू म्हणजे भावोजींना मान वाटायचा. "वर काय, बुजगावणं उभं केलं तरी चालेल," असं म्हणायचे, आणि तेव्हा वर मी असायचो.

मग त्यांचा गुडघा गेला. एका दिवसात नाही गेला. आधी गाडीतून उतरताना दार धरायला लागले, मग जिन्यात मध्येच माल टेकवून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायला लागले. ज्या माणसाने घरच्यांची कधी विचारपूस केली नाही, तो परक्या बाईला विचारतोय, "मुलं काय करतात तुमची?" मला हसू यायला हवं होतं. पण फ्रीजच्या खालून त्यांचा श्वास ऐकू यायचा.

कंपनीचा नियम असा, की निवृत्तीच्या दिवसापर्यंत गाडीवर टिकलात तर पूर्ण पेन्शन. अंगाने साथ सोडली म्हणून आधी उतरलात तर निम्मी. आणि दुखणं लपवून काम केलंत असं कळलं, तर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत हातात काही नाही. हा नियम करणाऱ्याने आयुष्यात कधी कपाट उचललेलं नसणार. भावोजींची तीन वर्षं राहिली होती.

ताईने मला एका रविवारी स्वयंपाकघरात गाठलं. भावोजी बाहेर टीव्हीसमोर होते, म्हणून ती नळ सोडून बोलत होती.

"यापुढे तू खाली राहा."

"ऐकतील ते?"

"नाही ऐकणार. गुडघ्यासाठी करतोयस असा नुसता संशय आला ना, तर उद्याच नोकरी साहेबाच्या तोंडावर फेकून येतील. तूच काहीतरी शोधून काढ. स्वभाव तुला माहितीये त्यांचा."

स्वभाव न माहीत असायला काय झालं? त्या घरातली भांडीसुद्धा त्या स्वभावाच्या धाकाने हळू वाजतात. आता तो मी पाठीवर घ्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर कपाट न्यायचं होतं. पहिल्या मजल्यावर टेकवलं तेव्हा मी कठडा धरला आणि थाप मारली. "भावोजी, हल्ली वरून खाली बघितलं की गरगरतं मला. चक्कर येते. तुम्ही वर या, मी खाली जातो." ते आधी बघतच राहिले. मग असे हसले की वरच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बाहेर आली. "एवढा धिप्पाड गडी आणि चक्कर! मेव्हणे, तुम्ही माणूस की भोवरा?" संध्याकाळपर्यंत डेपोभर माझं नाव भोवरा पडलं. भावोजींना नवा हुरूप आला. माझी दुबळी बाजू सांभाळायला मिळाली म्हणून ते खूश होते, आणि वरून "घाबरू नकोस, मी आहे" असं ओरडायचे. मी पत्र्याला गाल लावून दात-ओठ खायचो.

दोन वर्षांतच माझा मणका बोलायला लागला. डावा पाय मुंग्या येऊन येऊन बधिर व्हायचा. डॉक्टर म्हणाला, ओझं उचलणं बंद. मी हो म्हणालो, डॉक्टरला हो म्हणायला काय जातं? सकाळी मोजे बायको घालून द्यायची, कारण मला वाकता येत नव्हतं. मोजा चढवता चढवता ती एकदा म्हणाली, "त्यांची पेन्शन तुमच्या मणक्यातून कापून देताय तुम्ही."

"थोडे दिवस राहिलेत."

"त्यांचे. तुमचे किती राहिलेत?"

माझी त्यापुढे सहा वर्षं होती. पण मी हिशेब मांडून ठेवला होता. भावोजी गेले की कोणीतरी तरणा जोडीदार मिळणार, तो खाली जाणार, आणि मी वर. सहा वर्षं "हं, अजून एक, हं" म्हणत मीही टिकलो असतो. रात्री कूस बदलताना कळ आली की मी हेच मनाशी घोकायचो.

भावोजी टिकले. निरोपाला डेपोत खुर्च्या मांडल्या, साहेबाने भिंतीवरचं घड्याळ दिलं. भावोजी म्हणाले, मला भाषण येत नाही, आणि मग थांबेनात. शेवटी माझ्याकडे वळले. डोळे भरले होते त्यांचे, खोटं कशाला सांगू.

"साहेब, जाता जाता एक मागणं आहे. माझ्या या भोवऱ्याला सांभाळा. तीन वर्षं झाली, याला चक्कर येते. मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं याच्यावर. आता मी नसणार. याला कधी वरच्या बाजूला घेऊ नका."

सगळे हसले. साहेब हसला नाही.

सकाळी त्याने बोलावून घेतलं, दार लावायला सांगितलं.

"चक्कर येणारा माणूस तीन वर्षं माझी गाडी रस्त्यावर फिरवतोय, आणि मला ते निरोपाच्या चहाला कळतं?"

मी खिशातली किल्ली चाचपली.

"हे खरं असेल तर आजपासून गाडी बंद. गोदामात बस, खोक्यांना पट्ट्या चिकटव. चौकशी नको, तू आपणहून सांगितलंस असं मी धरीन. पण पेन्शन निम्मीच." मग तो जरा पुढे झुकला. "आणि खोटं असेल तर सांग, तीन वर्षं तू खाली का होतास? त्यांच्या पायाला काही झालं होतं का? त्यांची पेन्शन अजून मंजूर व्हायचीय. माझी सही राहिलीय."

साहेब वाईट नव्हता, हेच वाईट होतं. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. "गुडघा" एवढा एकच शब्द. तो शब्द पार जिभेच्या टोकावर आला. मी काय कुणाचं घोडं मारलं होतं? मी वाकून वाकून मोडलो, आणि मलाच दुबळा ठरवून तो म्हातारा घड्याळ काखेत मारून घरी गेला. एकदा तरी त्याला कळू दे की तो कुणाच्या जिवावर टिकला. मग मला ताई दिसली, चौकशी संपेपर्यंत रिकाम्या हाताने घर चालवणारी, आणि ही गोष्ट कळल्यावर त्या घरात बसलेले भावोजी दिसले. पैशाआधी ते त्या लाजेनेच मेले असते.

"येते," मी म्हणालो. "चक्कर येते." आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

भावोजींना दुपारपर्यंत बातमी लागली. फोनवर आवाज केवढा आनंदी! "बरं झालं बघ मी बोललो. एखाद दिवशी पुलावरून गाडी खाली घातली असतीस. आता बसून काम, मजा आहे लेका!" मी हो हो म्हणालो. रागवायलासुद्धा त्या माणसाने जागा ठेवली नव्हती.

संध्याकाळी ताई आली. धावत आली असणार, धाप लागली होती. मी जमिनीवर सतरंजी टाकून उताणा पडलो होतो, तसं पडल्याशिवाय पाय शांत होत नाही. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. ताईने तांब्याकडे पाहिलं नाही, माझ्या पायाकडे पाहिलं नाही, बसलीसुद्धा नाही.

"साहेबाला काय सांगितलंस तू?"

"चक्कर येते म्हणून सांगितलं."

"गुडघ्याचं काही?"

"नाही."

तिने डोळे मिटले आणि श्वास सोडला, लांबलचक, सुटका झाल्यासारखा. मग तिचा चेहरा बदलला, ती खाली बसली, माझा हात हातात घेऊन रडायला लागली, माझं कसं होणार म्हणून विचारायला लागली. रडणं खरं होतं तिचं. पण ते नंतरचं होतं. माझ्या बायकोने तांब्या तसाच उचलला आणि आत निघून गेली. ताई रडत राहिली, आणि मी वर छताकडे बघत तिला म्हणत राहिलो, "होईल गं काहीतरी, रडू नकोस."