बिस्किटांचा गुन्हा

उंदीर सांभाळणारे काका प्रयोगशाळेत अठरा वर्षं होते आणि तेवढ्याच किलोंनी वाढलेही होते. "जिभेवर जरा ताबा ठेवा!" असा बायकोचा रोजचा टोमणा. बिचाऱ्यांकडे त्याला उत्तर नव्हतं.

मग पीएचडी करणारी मुलगी आली आणि उत्तर मिळालं. मेंदूच्या बुडाशी हायपोथॅलॅमस नावाचा इवलासा भाग असतो, त्यात पोट भरल्याचं सांगणारी एक जागा असते, असं तिनं समजावलं. दहा उंदरांची ती जागा तिनं बारीक सुईतून वीज सोडून जाळली. आणखी दहांचं डोकं तुलनेसाठी नुसतंच उघडून शिवलं. महिन्याभरात पहिले दहा खाऊन खाऊन टम्म फुगले. काका खूश! आपलीही तीच जागा बिघडलीय, असं त्यांनी बायकोला छाती काढून, म्हणजे पोट काढून, ऐकवलं.

पण दुसरे दहाही फुगायला लागले. "प्रयोग कचऱ्यात टाका," असं म्हणून मोठे सर निघून गेले. तीन वर्षांची मेहनत! मुलगी पिंजऱ्यांसमोर बसून ढसाढसा रडली.

खरं कारण फक्त काकांना ठाऊक होतं. या दहांची डोकी फुकटच फोडली म्हणून त्यांना फार वाईट वाटायचं. म्हणून रोज दुपारी, चहाच्या वेळी, प्रत्येकाला अर्धं क्रीमचं बिस्किट. हे सांगावं तर नोकरीवर गदा. शिवाय बायकोपुढची सबबही गेली, कारण ती जागा शाबूत असलेले उंदीरही नुसत्या बिस्किटांनी फुगलेच की!

तरी त्यांनी मुलीला सांगितलं.

"काका, अक्कल गहाण टाकली होती का?" ती कडाडली. मग नाक पुसून म्हणाली, "आजपासून बिस्किटं बंद. यांचं वजन उतरलं तर वाचले मी."

तीन आठवड्यांत दहाच्या दहा उतरले. पहिले दहा मात्र तसेच लठ्ठ. मुलगी आनंदानं नाचली, सरांनीही मान डोलावली. काका मात्र पडलेल्या चेहऱ्यानं घरी गेले.

"अगं, माझ्या मेंदूला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "नुसताच खातो मी."

आता टोमणा येणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. बायको त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"मी घाबरते हो," ती म्हणाली. "तुम्ही मला एकटीला टाकून जाल म्हणून बोलते."