डांगराला दाखवलेलं बोट

कळंबच्या हायवेमागच्या वसाहतीत परसबाग मंडळ निघालं त्याला यंदा चौथं वर्ष, आणि या चार वर्षांत द्रौपदाबाईनं मंडळातल्या एकाही माणसावर धड विश्वास ठेवला नव्हता. मंडळात मात्र ती पहिल्या दिवसापासून होती. न जाऊन कसं चालेल? आपल्यामागं कोण काय बोलतं ते कळायला नको?

मंडळाचे प्रमुख दादाभाऊ, कृषी खात्यातून रिटायर झालेले. नोकरीत असताना शेतकऱ्यांनी त्यांचं ऐकलं नाही, त्याचं उट्टं ते आता वीस घरांच्या परसांवर काढत. रोज सकाळी ग्रुपवर त्यांचा लांबलचक मेसेज यायचा. मृगात बी टोचा, आषाढात वेलाचे शेंडे खुडा, श्रावणात कडुनिंबाचा पाला कुजवून फवारा. वर एक गुलाबाचं फूल. द्रौपदाबाईकडं साधा फोन, त्यामुळं मेसेज यायचे ते नवऱ्याच्या, सावळेरामच्या फोनवर. तो वाचून दाखवायला लागला की ती म्हणायची, "त्यांच्या दारात कवा कोथमीर तरी उगावली का?" आणि तो विषय तिथंच संपायचा.

तिच्या दारात मात्र डांगर होतं. बाजारात फोडी करून विकतात तसला भोपळा नव्हे. हे डोंगरातल्या माहेरचं, लांब मानेचं, साल इतकी टणक की कोयत्यानं फोडावं लागे, आणि आत गाजराच्या रंगाचा गर. माळ्यावर वर्षभर ठेवलं तरी त्याला काही होत नसे. आई, सोनीबाई, गेली. भावानं परस मोडून तिथं पावण्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. मग ते बी उरलं एकट्या द्रौपदाबाईकडं. कुणी मागितलं की ती "पुढल्या साली देते" म्हणायची, आणि पुढल्या साली पुन्हा तेच. त्यात गेल्या साली बियाला वेलावरच राखलेलं डांगर पावसात सडलं. राखेत घालून ठेवलेल्या जुन्या पाच बिया तेवढ्या शिल्लक होत्या. मृगात पाचही लावल्या. तीन उगवल्या, त्यातली एक गोगलगायींनी खाल्ली, एक साचलेल्या पाण्यात कुजली. राहिला एक वेल. त्याला एक तरी फळ पिकलं तर पुढं बी, नाहीतर आईचं डांगर जगातून गेलं. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोललं की नजर लागते.

वेल मांडवावर चढला आणि मांडवावरून शेजारच्या भिंतीवर. शेजारी गेल्या साली यशोधरा राहायला आली होती. सरकारी दवाखान्यातली नर्स, तीस वर्षं नोकरी करून रिटायर झालेली, एकटी. सगळे तिला सिस्टर म्हणत. घरावर निळा झेंडा, दारावर बुद्धाची तसबीर. द्रौपदाबाईनं तसबीर पाहिली आणि सावळेरामला म्हणाली, "आपल्याला काय करायचंय त्याचं?" बुद्धपौर्णिमेला सिस्टरनं खिरीचं पातेलं भिंतीवरून दिलं, ते तिनं हसून घेतलं. खीर सावळेरामनं खाल्ली. द्रौपदाबाईला त्या दिवशी उपास होता. पौर्णिमेचा उपास तिनं त्याआधी जन्मात कधी धरला नव्हता, पण ते विचारायची सावळेरामची हिंमत नव्हती.

श्रावणात मंडळाची बागफेरी असते. सगळ्यांनी मिळून सगळ्यांची परसं पाहायची, वाखाणायची आणि घरी जाऊन नाकं मुरडायची. फेरीचा एकच नियम: कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही. सरळ बोट दाखवलं की फळ पिवळं पडून गळतं, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवायचं. पन्नाशी-साठीची माणसं मुडपलेली बोटं घेऊन परसापरसांतून हिंडत. दादाभाऊ शास्त्राचा मोठा टेंभा मिरवत, पण त्यांचंही बोट मुडपलेलंच असे.

द्रौपदाबाईच्या मांडवाखाली सगळे आले आणि सिस्टर एकदम म्हणाली, "अगंबाई, ती बघा मादी कळी! खाली चिमुकलं डांगर!" आणि बोट सरळ. मग तिच्या ध्यानात आलं, तिनं ते मुडपलं, पण फार उशिरा.

चौथ्या दिवशी ते चिमुकलं डांगर पिवळं पडून गळलं.

द्रौपदाबाईच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकली नाही, ती तिथं घर करून बसली. तिनं मांडवाला जुनी चप्पल आणि काळी चिंधी बांधली. तेवढ्यानं भागेना म्हणून माळ्यावरची मच्छरदाणी काढली आणि सगळ्या मांडवावर, थेट भिंतीपर्यंत पसरून सुतळीनं आवळली. आता बघू कोण काय बघतंय!

"डांगराला मच्छर चावत्यात का?" सावळेरामनं विचारलं.

"तुमी गप बसा. चावणारं मच्छर नाय, मानूस हाय."

तरीही फळं गळत राहिली. कळी यायची, फूल उमलायचं, दोन-तीन दिवसांनी खालचं फळ सुरकुतून हातात यायचं. प्रत्येक गळलेलं फळ ती पदरात घेऊन शेजारच्या खिडकीकडं बघायची. एकदा सिस्टर भिंतीशी येऊन म्हणाली, "ताई, तुमच्या त्या मच्छरदाणीनं काय होतंय, माहितेय का," तर पुढचं ऐकायच्या आत द्रौपदाबाईनं पाठ फिरवली आणि दार लावून घेतलं. चोराच्या तोंडून कुलपाची चौकशी कशाला ऐकायची?

आणि मग एक फळ धरलं. भिंतीलगत, पानांच्या आड. आठवड्यात पेरूएवढं झालं, पोळ्यापर्यंत नारळाएवढं. द्रौपदाबाईच्या जिवात जीव आला. ती दिवसातून दहा वेळा जाऊन बघायची, पण जवळ जायची नाही. लांबूनच. आपलीही नजर लागू शकते की.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात सडा टाकायला आली आणि तिच्या हातातली बादली तशीच राहिली. भिंतीवरून एक हात आत आला होता. मच्छरदाणीची कड उचललेली, आणि तो हात एका उमललेल्या फुलात बोटं घालून हळूहळू फिरवत होता. सिस्टरचा हात. हात आला तसा गेला, मच्छरदाणी जागच्या जागी बसली.

ती धावली ती थेट त्या मोठ्या फळाशी. पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. फळाच्या देठाला पांढऱ्या जाळीदार कापडाची पट्टी बांधलेली होती. गाठ घट्ट. पट्टीवर निळ्या शाईनं काहीतरी लिहिलेलं, पावसानं फिसकटलेलं. आकडे होते की अक्षरं, काही लागेना.

करणी! दुसरं काय?

सावळेराम म्हणाला, "अगं, इचार तरी तिला." पण विचारायचं काय? ज्यात करणी भरलीय त्याचं बी कसं घ्यायचं, ते पुढं घरात कसं लावायचं, पोराबाळांना कसं खाऊ घालायचं? आईच्या डांगरावर कुणी असलं काही करावं? रडत रडत तिनं विळ्यानं देठ कापला. पट्टी सोडून पिशवीत ठेवली, पुराव्याला. आणि ते नारळाएवढं डांगर, त्यावर हळदकुंकू टाकून, उतारा टाकतात तसं हायवेला रस्ता मिळतो त्या तिठ्यावर नेऊन ठेवलं. मागं वळून बघायचं नसतं, पण तिनं बघितलं. दुधाचा टेम्पो त्यावरून गेला. रस्त्याला फिकट केशरी गर फासला गेला आणि त्यात पांढऱ्या, अजून न भरलेल्या बिया.

रविवारी सकाळी दादाभाऊंच्या ओसरीवर मंडळाची बैठक होती. विषय: भाद्रपदातली कामं, मेथी-पालकाचे वाफे आणि दसऱ्याला मंडळाच्या भाज्यांची मांडणी. दादाभाऊंनी चष्मा लावला, तेवढ्यात द्रौपदाबाई उठली आणि पिशवीतली पट्टी सगळ्यांच्या मधोमध टाकली.

"ही करनी कुनाची, त्यानं सवताहून सांगावं."

सिस्टरनं पुढं वाकून पट्टी पाहिली.

"पट्टी माझी आहे," ती म्हणाली. "करणी कसली त्यात?"

"आनि हे काय लिवलंय?"

"बारा तारीख. ड्रेसिंग केलं की वर तारीख टाकायची सवय आहे. कधी फळ धरलं ते लक्षात राहावं, म्हणजे कधी पिकेल ते कळतं."

"फळ धराया तुमचं बोट लागतं व्हय?"

"लागतं ना, ताई. तुमच्या मच्छरदाणीत माशी शिरत नाही. माशी नाही तर फळ नाही. मी सांगायला आले तर तुम्ही आत गेलात. मग रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर फिरवत होते. आधीच्या पावसाच्या धारेत तीन-चार फुकट गेली. हे एक धरलं."

दादाभाऊंनी घाईनं फोन काढला. "मी टाकला व्हता ना मेसेज ग्रुपवर, वहिनी. श्रावणातल्या कामांत पाचवा मुद्दा. झडीत मधमाशी फिरकत न्हाई, सकाळी आठच्या आत हातानं परागीकरन करावं." त्यांनी तो गुलाबाच्या फुलासकट वाचून दाखवला. सावळेराम कोपऱ्यात बसून जमिनीकडं बघत होता. त्यानं तो मेसेज वाचला होता, अर्ध्यापर्यंत मोठ्यानंसुद्धा.

"डांगर कुठं आहे?" सिस्टरनं विचारलं.

"टाकलं," द्रौपदाबाई म्हणाली. "तिठ्यावर."

सिस्टरनं पट्टी उचलली, नीट घडी केली आणि म्हणाली, "एकच विचारते, ताई. बोट दाखवलं म्हणून टाकलंत, का माझा हात लागला म्हणून?"

दादाभाऊ म्हणाले, "बरं, मग मेथीच्या वाफ्यांचं..." आणि स्वतःच थांबले.

"बोट," द्रौपदाबाई पटकन म्हणाली. "बोटामुळंच. दुसरं काय नाय मनात."

सिस्टरनं मान हलवली. पेशंट सगळी औषधं वेळेवर घेतली म्हणून सांगतो, तेव्हा नर्स हलवते तशी. आणि ती उठून गेली.

घरी येऊन द्रौपदाबाईनं पहिल्यांदा मच्छरदाणी ओढून काढली. सुतळीच्या गाठी सुटेनात म्हणून टराटरा फाडली. आतून जीव जळत होता. स्वतःच्या हातानं आईचं डांगर चाकाखाली दिलं! पण त्याहून दुसरंच काहीतरी टोचत होतं, आणि ते काय, हे तिला रात्रीपर्यंत सापडेना. भाकरी थापता थापता सापडलं. दोन वर्षांमागच्या बागफेरीत मंडळातल्याच गोजरबाईनं याच मांडवाखाली सरळ बोट दाखवलं होतं. फळ गळलंही होतं. तेव्हा आपण काय केलं? गोजरबाईला दोन शिव्या हासडल्या, हसलो, आणि तिच्याच घरी जाऊन चहा प्यालो. ना चप्पल बांधली, ना मच्छरदाणी. तव्यावरची भाकरी करपली तरी ती तशीच बसून राहिली. जन्मभर तिनं साऱ्या जगावर संशय घेतला होता, स्वतःवर घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

त्यानंतर तीन दिवस तिनं वेल पानापानानं पाहिला. खालच्या पानांवर रोगाची पांढरी भुरी चढली होती, वेल थकला होता. शेंड्याकडं एकच मादी कळी होती. त्यानंतर नुसती नर फुलं. गुरुवारी सकाळी ती कळी उमलली. नऊ-साडेनऊपर्यंत ती मिटणार होती. मग संपलं.

द्रौपदाबाई भिंतीशी गेली. "सिस्टर!" तिनं हाक मारली. दोनदा मारावी लागली.

सिस्टर केस पुसत बाहेर आली. भिंतीपासून चार हातांवर थांबली.

"मी त्या दिशी खोटं बोलले," द्रौपदाबाई म्हणाली. "बोटाचं निमित व्हतं. तुमचा हात लागला म्हनून टाकलं."

"माहीत होतं मला."

"मंग सगळ्यांम्होरं इचारलं कशापायी?"

"तुम्हाला माहीत आहे का, ते बघायचं होतं."

द्रौपदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "येकच फूल ऱ्हायलंय," ती म्हणाली. "शेवटचं. तुमच्या हातानं लावा. मी हात जोडते."

सिस्टरनं फुलाकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "नाही, ताई," ती शांतपणे म्हणाली. "गरज पडली की माझा हात सगळ्यांना चालतो. दवाखान्यात तीस वर्षं तेच बघितलं. रात्री बाळंतपणाला चालायचा आणि सकाळी माझ्या हातचं पाणी चालायचं नाही. हे फूल तुमचं तुम्ही लावा. मी सांगते तसं."

आणि तिनं सांगितलं. लांब देठाचं नर फूल तोडा. त्याच्या पाकळ्या काढून टाका. आता मधला दांडा मादी फुलात फिरवा, हळू, सगळीकडून. द्रौपदाबाईचं दोनदा चुकलं. सिस्टर रागावली नाही, हसलीही नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"बस. झालं," ती शेवटी म्हणाली.

"फळ धरलं, पिकलं," द्रौपदाबाई म्हणाली, "तर निम्मं बी तुमचं."

"आधी धरू दे," सिस्टर म्हणाली, आणि टॉवेल खांद्यावर टाकून आत गेली.

द्रौपदाबाई तिथंच उभी राहिली. फळ धरलं की नाही, ते आठ दिवसांत कळणार होतं. सिस्टर पुन्हा आपणहून भिंतीशी येईल की नाही, हे मात्र तिला कुणालाच विचारता येईना.