दोन पातेली

शालूने दाराबाहेर चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि आत्माराम बाजूला सरकेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा.

"आजोबा, रवा कंच्या डब्यान हाय?"

"वरच्या फळीवर. थांब, मी काढून देतो."

"नको, गावला."

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आत्माराम दुधाची पिशवी हातात घेऊन दारातच उभे राहिले. रोज ती ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायची, पण तिथे आता शालूचा मोबाइल होता. शेवटी त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली. सिंकशेजारी त्यांनी सवयीने भिजत घातलेले मूग फुगून काठापर्यंत आले होते. आज ते धिरडी करणार होते. शालूने भांड्यात डोकावून पाहिलं.

"ह्यांचा काय करू?"

"राहू दे. नंतर बघू."

आदल्या दिवशी रीमाने, त्यांच्या सुनेने, चहा पिता पिता सांगितलं होतं. "बाबा, उद्यापासून स्वयंपाकाला एक बाई येणार आहेत. खारी गावातल्या आहेत, बाजूच्या बिल्डिंगमध्येपण त्याच करतात. तुम्ही किती दिवस राबणार? आराम करा आता." ती बोलत होती तेवढा वेळ मुलगा, प्रणित, मोबाइलमध्ये बघत होता. आत्माराम "बरं" म्हणाले होते. झोप मात्र उशिरा लागली होती. आणि नेहमीच्या वेळेला डोळे उघडले ते उघडलेच.

उपमा टेबलावर आला. तेल चांगलंच सुटलेलं, मिरच्याही ठळक दिसत होत्या. आत्मारामांच्या हातचा उपमा तेलाला महाग असायचा. त्यात गाजर, मटार, वरून लिंबू. छोटी नात, सान्वी, चमच्याने मिरच्या बाजूला काढत बसली. प्रणितने खाली मान घालून खाल्लं आणि वाटी पुढे केली.

"अजून आहे का?"

आत्मारामांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. घरात प्रणितने काही पुन्हा मागून घेतल्याला कित्येक महिने झाले होते.

"मीठ जास्त नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. ठीक आहे."

शालूने भरलेला डबा घेऊन प्रणित काशीमीऱ्याला, त्याच्या गोडाऊनच्या ऑफिसला निघून गेला. मागोमाग रीमा सान्वीला शाळेत सोडून कामावर गेली. शालू पोळ्या लाटत राहिली. आत्मारामांनी पेपर उघडला, मिटला. उठून गॅलरीतली तुळस पाहिली. तिला पाणी घातलेलं होतं, तरी आणखी घातलं.

रिटायर होईपर्यंत आत्मारामांना चहासुद्धा धड करता येत नव्हता. परळची खोली विकून त्यांनी भाईंदर पूर्वेला हा फ्लॅट घेतला आणि नवीन ओट्यावर बायकोचा, मनोरमाबाईंचा, हात बसतो न बसतो तोच तो हात गेला. उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. मग त्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या आणि नवऱ्याला आयुष्यात प्रथमच हुकूम सोडू लागल्या. "गॅस बारीक करा. मोहरी तडतडू दे आधी, मग हिंग. अहो, डाळ घोटा, ढवळू नका." डॉक्टरांनी मीठ-तेल कमी करायला सांगितलं होतं, म्हणून सगळ्या घरालाच तसं जेवण लागलं. सकाळी नाचणीची पेज नाहीतर धिरडं, दुपारी पोळी-भाजी, आमटी-भात, संध्याकाळी एखादं फळ, रात्री मऊ खिचडी आणि ताक.

सुरुवातीच्या पोळ्या भयंकर असत. प्रणित एकेक पोळी उजेडासमोर धरायचा. "बाबा, महाराष्ट्र छान जमलाय. कोकण जरा करपलंय." आणि तशा चार खायचा. मनोरमाबाई डाव्या हाताने कपाळावर मारून घ्यायच्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा.

त्या गेल्या त्यालाही वर्ष होऊन गेलं. आत्मारामांनी ओटा सोडला नव्हता. आता पोळ्या गोल होत होत्या, टम्म फुगत होत्या. शेजारच्या जिग्नाबेन एकदा चाखून म्हणाल्या होत्या, "अंकल, तुमच्या हाथमां जादू छे." असं असताना बाई कशाला लावली?

ते पिशवी घेऊन खाली उतरले. आणायचं काहीच नव्हतं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नेहमीच्या भाजीवाल्याने लांबूनच हात केला.

"अंकल, आज लेट? चवळी रखी है आपके लिए, एकदम कोवळी."

"आज नको."

"क्यों? तबियत?"

"तबियत ठीक है," आत्माराम म्हणाले आणि पुढे चालू लागले. पंधरा-वीस पावलं गेल्यावर परत फिरून त्यांनी चवळीची जुडी घेतलीच.

रिक्षांच्या गर्दीतून वाट काढताना ते मनातल्या मनात मागचे महिने उपसत होते. गॅस चालू राहिला होता का कधी? भाजीत केस निघाला होता? एकदा सान्वीच्या दुधात साखर पडली नव्हती खरी. की म्हाताऱ्या माणसाचा हात म्हणून किळस येत असेल? त्यांनी चालता चालता उजवा हात नाकाशी नेऊन हुंगला. साबणाचा वास आला. समोरून येणाऱ्या बाईने त्यांच्याकडे चमकून पाहिलं तेव्हा त्यांनी तो हात खिशात घातला.

घरी आले तर शालू निघून गेली होती. ओटा लख्ख होता. ताटावर ताट झाकून ठेवलेलं. भेंडी, दोन पोळ्या, भात, लसणाची फोडणी दिलेली डाळ. आत्मारामांनी शत्रूचं अन्न खावं तसं सावधपणे जेवायला सुरुवात केली. लसूण जास्त होता आणि तिखट होतं, पण नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पोळी मऊ होती. तेच जास्त लागलं त्यांना. ताट घासून टाकलं आणि ते पलंगावर पडले. पंखा फिरत होता. कूस बदलली, पुन्हा बदलली. मग ते उठून बसले.

तुरीची डाळ धुऊन त्यांनी कुकरला लावली. ओलं खोबरं आणि जिरं वाटलं. डाळ रवीने घोटली. ढवळली नाही. फोडणीत मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, कढीपत्ता; मग वाटण, दोन आमसुलं, गुळाचा खडा. मीठ बेताचं. वाफेने चष्मा धुरकटला तशी सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे खांदे जरा खाली आले. काही चुकत असेल तर आज कळेलच. दोन्ही आमट्या समोरासमोर ठेवायच्या आणि पोराला तोंडावर विचारायचं.

संध्याकाळी शालू आली आणि शेगडीवरच्या पातेल्याकडे बघत उभी राहिली.

"कालवन झालंय जनू."

"ते राहू दे तिथे. तू तुझी डाळ कर."

"दोन-दोन?"

"हो."

तिने खांदे उडवले आणि लसूण सोलायला घेतला. "आजोबा, मना कामावरून काढाचा आसंल तं सांगा बरा. मी दुसरीकडं बगीन."

"तुझं काही नाही गं," आत्माराम म्हणाले. मग त्यांनी पुस्ती जोडली, "पोळ्या चांगल्या करतेस."

रात्रीच्या जेवणाला चौघं बसले. टेबलावर दोन पातेली होती. रीमाने एकदा पातेल्यांकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि भात वाढायला घेतला.

"मला आबांची," सान्वी आजोबांच्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली.

रीमानेही आबांचीच घेतली. प्रणितने हात लांबवून शालूच्या पातेल्यातला डाव उचलला, भातावर डाळ ओतली आणि भराभर जेवू लागला.

"ही घे ना थोडी," आत्माराम म्हणाले.

"आहे मला पुरे."

"चव बघ नुसती. काय कमी आहे ते सांग."

"बाबा, जेवू द्या ना त्याला," रीमा म्हणाली.

"मी कुठे अडवतोय? दुपारी खपून केलीय. सांग ना, काय चुकतं माझं? मीठ? हात नीट धुत नाही मी? म्हातारा झालो म्हणून नकोसं वाटत असेल तर तसं सांग. बाई लावायची ती माझ्या पाठीमागे ठरवून कशाला?"

सान्वी घास तोंडात धरून बसली. प्रणितने वडिलांकडे पाहिलं. मग त्याने आत्मारामांच्या पातेल्यातला डाव घेतला, ताटाच्या कडेला थोडी आमटी घातली, भात कालवला आणि एक घास घेतला.

तो घास त्याने चावला नाही. तसाच थांबला. मग त्याने खुर्ची मागे सरकवली, हात न धुता गॅलरीत गेला आणि सरकतं दार लावून घेतलं.

"बाबाला तिखट लागलं?" सान्वीने विचारलं.

"हो. तू जेव. झालं की आत जाऊन चित्र रंगव," रीमा म्हणाली.

सान्वी आत गेली. मग रीमा खरकट्या बोटांकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "मला शपथ घातली होती त्याने. बाबांना सांगायचं नाही म्हणून."

"काय सांगायचं नाही?"

"डबा खात नव्हता तो. कितीतरी महिने. गोडाऊनला ट्रकवाले येतात ना, त्यांना द्यायचा आणि स्वतः वडापाव खायचा. डबा धुऊन आणायचा. अॅसिडिटीच्या गोळ्या सापडल्या मला खिशात, तेव्हा कळलं. तुम्ही नवीन नवीन करायचात ना बाबा, तेव्हा चालायचं त्याला. आमटी पाणचट व्हायची, पोळी करपायची, तो मजेत खायचा. मग हळूहळू आईंसारखी चव यायला लागली... तो म्हणाला, झाकण उघडलं की वास येतो. म्हणाला, आई घरी आहे असं वाटतं. आणि मग घरी यावं लागतं."

रीमाने ताटं उचलली. नळ सुरू झाला. गॅलरीच्या काचेपलीकडे प्रणितची पाठ दिसत होती. कठड्यावर दोन्ही हात टेकून तो खाली बघत होता.

आत्मारामांनी आपल्या वाटीतली आमटी बोटाने चाखली. मग वाटीच तोंडाला लावली. रोज ते पोळी मोडून, पाठोपाठ पाणी पिऊन जेवण उरकत आणि ओटा पुसायला उठत. चव पाहायची ती फक्त मिठासाठी. आज घोट तोंडात थोडा वेळ राहिला. आमसुलाचा आंबटपणा आधी आला, मग गूळ, आणि अगदी शेवटी मेथीचा तो जरासा कडवटपणा, जो मनोरमाच्या आमटीत असायचा आणि जो नको म्हणून त्यांनी लग्नानंतर कित्येक वर्षं तिच्याशी भांडण काढलं होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर उताणे पडले होते.

गॅलरीत जावं असं त्यांना वाटलं. ते दारापर्यंत गेलेही. कडीला हात लावला, पण काय बोलायचं ते काही केल्या सापडेना. परत येऊन त्यांनी उरलेली आमटी स्टीलच्या डब्यात काढली आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मागे सारून ठेवली. टाकून देववली नाही. उद्या दुपारी, सगळे गेल्यावर, आपण एकटेच संपवू असं त्यांनी ठरवलं. यापुढे करायची नाही. डाळ शालूची. भाजी आणून देऊ, निवडून देऊ, तेवढं पुष्कळ झालं.

सकाळी भांड्याच्या आवाजाने त्यांना जाग आली. शालू अजून आली नव्हती. मांजर शिरलं असेल म्हणून ते अनवाणीच उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

फ्रिजचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्या उजेडात प्रणित पाठमोरा उभा होता. बनियनवर, केस विस्कटलेले. एका हातात स्टीलचा डबा. दुसऱ्या हातात कालची उरलेली पोळी. तो तुकडा मोडत होता, थंडगार, घट्ट झालेल्या आमटीत बुडवत होता आणि खात होता. घाईने नाही. एक घास, मग थांबणं, मग दुसरा. मध्येच मनगटाने त्याने नाक पुसलं.

आत्माराम एक पाऊल मागे आले. आणखी एक. हॉलमधल्या खुर्चीच्या पाठीला धरून ते उभे राहिले आणि श्वाससुद्धा जपून घेऊ लागले.

तेवढ्यात शालूच्या चपलांची फरफट जिन्यात ऐकू आली. त्यांनी लगबगीने जाऊन दार उघडलं आणि उंबऱ्यातच आडवा हात धरला.

"थांब जरा," ते कुजबुजले.

शालूने पदर खोचता खोचता त्यांच्या खांद्यावरून आत पाहायचा प्रयत्न केला. "का? कोन हाय आतमधी?"

"प्रणित," आत्माराम म्हणाले. "जेवतोय."

आणि ते बाहेर आले, आपल्यामागे दार अलगद ओढून घेतलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसून शालूला विचारू लागले, की खारीत तुमच्याकडे डाळीला लसूण ठेचून घालतात की चिरून.