यादीतला सोबती

ताई घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायची. नवरा गेल्यापासून कामच तिची सोबत होतं. पण अलीकडे कंप्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागायचा, की चहा पिऊन कप विसळला तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं.

टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगं, सुरू होताना न बोलावता कोणकोणते प्रोग्रॅम जागे होतात ते बघ. त्याची यादी असते. नको ते बंद कर."

ताईने यादी उघडली. प्रिंटरवाला, गाण्यांचा, कॅलेंडरचा... एकेक बंद करत गेली. शेवटी एक नाव आलं : 'सोबती'. कुणी बनवला, पत्ता नाही. टाकल्याची तारीख मात्र होती, आणि ती ताईच्या चांगली लक्षात होती. त्या शनिवारी धाकटा भाऊ नवा कीबोर्ड बसवायला आला होता.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने 'सोबती' बंद केला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला आईचा फोन. "बरी आहेस ना गं?" आई दुपारच्या आत कधी फोन करत नसे. तिसऱ्या दिवशीही सव्वानऊलाच.

प्रुफं तपासणारीचा डोळा! चौथ्या दिवशी तिने 'सोबती' चालू ठेवला. फोन नाही. पाचव्या दिवशी बंद केला. फोन वाजला.

"आई, खरं सांग. माझा कंप्युटर बंद आहे असं तुला कोण सांगतं?"

आई गडबडली. "अगं, माझ्या फोनवर हिरवा ठिपका येतो. तू कामाला बसलीस की मला हायसं वाटतं. एकटी असतेस... धाकट्यानेच करून दिलं."

ताईने तडक भावाला फोन लावला.

"फक्त चालू-बंद कळतं, ताई," तो म्हणाला.

"आणि मी काय लिहिते ते?"

त्याचा आवाज खाली आला.

"दिसू शकतं. पण मी बघत नाही गं."

रोज काम संपल्यावर ताई त्याच कंप्युटरवर गेलेल्या नवऱ्याला चार ओळी लिहायची. कुणाला दाखवण्यासाठी नव्हे.

"आत्ता ये. माझ्यासमोर काढ."

तो तासाभरात आला, मान खाली घालून. 'सोबती' काढला, आईच्या फोनवरचा ठिपकाही जाईल म्हणाला. "आई घाबरली होती. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस?"

त्याने तिच्या ओळी बघितल्या नसतीलही. पण खात्री कोण देणार?

पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा तिने त्याला स्वयंपाकघरात पाणी आणायला पाठवलं. तो मुकाट्याने गेला, आणि परत येताना मुद्दाम पावलं वाजवत आला.