कळंब्याच्या रस्त्यावर तीन चाकं

मी पिराजी. कोल्हापुरात उद्यमनगरात सम्मेदचं न् माझं दुकान हाय. आम्ही एकचाकी विकतो, दुरुस्त पण करतो. एकच चाक, पोटात बॅटरी न् मोटर, दोन्ही अंगाला पाय ठेवायला फळ्या. सीट न्हाय, हँडल न्हाय. पुढं झुकलं की पळतंय, मागं झुकलं की थांबतंय. लोक सर्कस म्हणत्यात, म्हणू देत.

खोलायचं-जोडायचं काम माझं, चालवायचं सम्मेदचं. नवीन चाक चालवून आला की डोळं मिटून बसायचा आणि मग सांगायचा, हे कसं वाटतंय ते. फोनवर नेसरीचं गिऱ्हाईक असू दे न्हायतर पुण्याचं, ह्याचं ऐकता ऐकता त्याला घरबसल्या चाक पायाखाली आल्यागत वाटायचं. मला तसलं बोलायला जमत न्हाय. मी वॉरंटी सांगतो न् फोन ठेवतो.

दिवाळी झाली आणि सम्मेद म्हणाला, माघात दीक्षा घेणार. त्यांच्या जैनांच्यात दीक्षा घेतली की वाहन कायमचं बंद. जन्मभर अनवाणी चालायचं, ह्या गावातनं त्या गावाला. त्याची आई, पद्मावतीकाकू, चार दिवस रडल्या आणि मग शांतपणे हो म्हणाल्या. मी म्हटलं न्हाय. मला कुणी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बारा वर्षं त्याच्या डब्यातलं बिनकांद्याचं जेवण मी खाल्लंय, एवढा तरी हक्क नको व्हय माणसाला?

मी मनात म्हटलं, बघूच कसा जातोस. गोडाऊनमधनं एक मोठं चाक काढलं आणि त्याला शॉकअप बसवायला घेतला. दोन महिने त्याच्यावर घासलो. स्प्रिंगा बदलल्या, फळ्या बदलल्या, सॉफ्टवेअरशी भांडलो. असलं चाक करायचं की त्याच्यावर उभा राहिलेला माणूस खाली उतरायचं नाव घेणार न्हाय. बाकी माझ्याकडं त्याला अडवायला होतंच काय?

चाक झाल्यावर त्याला म्हटलं, जायच्या आधी तीन चाकं चालवून कुठलं कसं वाटतंय तेवढं सांगून जा, गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला लागतंय. तो माझ्याकडं बघून हसला. माझं कपट त्याला कळलं असणार, पण यायला तयार झाला.

पहाटे टेम्पोत चाकं टाकून कळंबा तलावाकडं गेलो. धुकं असलं दाट की पाणी कुठं संपतंय आणि रस्ता कुठं सुरू होतोय तेच कळंना. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येत हुता. मी टेम्पोच्या फाळक्यावर बसलो आणि सम्मेद एकेक चाक घेऊन त्या पांढऱ्यात शिरायला लागला.

पहिलं बारकं, चौदा इंची. दहा मिनिटांत परत आला. म्हणाला, हे लई हळवं हाय, वळायचं नुसतं मनात येतंय तवर वळलेलं असतंय, रस्त्यावरचा एकेक खडा टाचंला येऊन सांगतंय. दुसरं वीस इंची, जाडजूड. ते थोरल्या भावागत हाय म्हणाला. लवकर वळत न्हाय, पण एकदा निघालं की आपण काय करायचंच न्हाय, नुसतं त्याच्यावर विश्वास टाकून उभं राहायचं. मी मान डोलवली. माझं सगळं ध्यान मी केलेल्या तिसऱ्याकडं हुतं.

तिसरं घेऊन गेला तो लवकर आलाच न्हाय. पाच मिनिटं मोटरचा बारीक आवाज येत राहिला, मग तो पण गेला. तलावावर कुठंतरी एक पाणकोंबडी ओरडली. मला झोपंत असल्यागत वाटायला लागलं, वेळ किती गेला ते पण कळंना. मग धुक्यातनं सम्मेद आला. गुडघ्याखाली धुकं, त्यामुळं चाक दिसतच नव्हतं. हात सैल सोडलेले, चेहरा वर केलेला, माणूस नुसता हवेतनं सरकत येतोय. बारा वर्षांत एवढा सुखी मी त्याला बघितला नव्हता. मी मनात म्हटलं, जितलो.

तो उतरला, फाळक्यावर माझ्याशेजारी बसला आणि डोळं मिटलं.

"हेच सगळ्यात भारी," तो म्हणाला. "पायाखाली रस्ता हाय का न्हाय तेच कळंना."

"मग ऱ्हा की, गड्या."

त्यानं डोळं उघडलं. "पिऱ्या, मला एकाच गोष्टीची भीती हुती. चाक सोडताना रडू येईल ह्याची. आता ह्याच्यावरनं उतरलो, आणि काय सुटल्यागत वाटलंच न्हाय. पोटभर जेवून उठल्यावर वाटतंय तसं वाटलं. तू लई मोठं काम केलंस."

माझं डोस्कंच फिरलं. त्याला तोंडाला येईल ते बोललो. दोन महिने मी तुला थांबवायला घासलो, तुला वाटंला लावायला न्हाय, असं पण म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बूट काढले, मोजे आत कोंबले आणि ते माझ्या हातात दिले. म्हणाला, आजपासनं सवय करतो, तू हो पुढं. आणि कोल्हापूरच्या दिशेनं चालायला लागला.

मी तिथंच बसून रडलो. खोटं कशाला सांगू? मग तिन्ही चाकं टेम्पोत बांधली, बूट शेजारच्या सीटवर ठेवले आणि गाडी चालू केली. पाव किलोमीटरवर तो दिसला. खडीच्या कडंनं, जपून, एकेक पाऊल टाकत चालला हुता. टाचंला खडा लागला की जरा थांबायचा. मी हॉर्नवर हात नेला आणि परत घेतला. गाडी फर्स्टला टाकली आणि दिवा त्याच्या पायापुढं पडंल एवढं अंतर ठेवून मागनं चालवत राहिलो.

उजाडलं तसं मागं गाड्या लागल्या. उसाचा एक ट्रॅक्टरवाला शेजारी येऊन ओरडला, रस्ता काय बापाचा हाय का म्हणून. मी म्हटलं, "पावणं, घाई असंल तर टेम्पोवरनं जावा. मी पुढं जाणार न्हाय."